पदर, पगडी, टोपी: आजीचं एकच वाक्य

ऐकायला वेळ नाही मिळाला? हरकत नाही, आजचा एपिसोड इथे वाचा.

लालबागच्या आमच्या खोलीबद्दल आजी नेहमी म्हणते, "अरे, पदरमोड करून पगडी दिली तुझ्या आजोबांनी. नशीब, कुणी टोपी नाही घातली!" लहानपणी मला वाटायचं, आजोबांनी कुणाला तरी पुणेरी पगडी भेट दिली. पण या वाक्यात तीन शब्द डोक्यावरचे आहेत, आणि एकही डोक्यावर नाही.

आधी पदर. तो डोक्यावरून घेतात, तसे त्याच्या गाठीत पैसेही बांधत. म्हणून पदरचे पैसे म्हणजे स्वतःचे, आणि ते खर्च करणं म्हणजे पदरमोड.

टोपी घालणं म्हणजे फसवणं, टोपी उडवणं म्हणजे थट्टा करणं. अठराव्या शतकातल्या 'आज्ञापत्रा'त इंग्रज, फिरंगी, वलंदेज हे सगळे व्यापारी 'टोपीकर'! पगडी-पागोट्यांच्या मुलखात टोपी हीच परक्याची ओळख.

आता पगडी. एरवी पगडी म्हणजे मान. मुंबईत मात्र ती घरमालकाला एकरकमी द्यायची रक्कम. 1947 च्या भाडे कायद्याने बरीचशी भाडी 1940 च्या पातळीवर बांधून ठेवली. तेवढ्यात मालकाला परवडेना, म्हणून तो आधीच मोठी रक्कम घ्यायचा. कायद्यात ते बसत नव्हतं, त्यामुळे सगळं रोखीत, पावतीशिवाय. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि पगडीला मान्यता मिळाली.

पण नीट ऐका. पगडी दिली म्हणून घर आपलं होत नाही. आपण भाडेकरूच राहतो. कायद्याचं संरक्षण असतं, पण मालक तोच.

हे मला गेल्या वर्षी कळलं. घरच्या मालमत्तेची एक्सेल शीट करताना मी ही खोली बिनधास्त 'स्वतःचं घर' या रकान्यात टाकली. बाबांनी भाडेपावती पुढे केली. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली, तरी पावती त्यांच्याच नावावर! इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, तेव्हा सगळ्यात आधी तीच मागितली गेली. आता नाव बदलायची धावपळ चालू आहे.

तुमच्याही घरी कुणी 'पगडीची खोली' म्हणत असेल, तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा: पावती कुणाच्या नावावर आहे?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!