अंगठा, गोधडी आणि बाळागोळी

सकाळी आठच्या सुमारास सानपाडा स्थानकाकडे लगबगीने निघालेल्या नोकरदार आईबापांच्या कडेवर कित्येकदा वर्ष-दीड वर्षाचे मूल असते. वाटेवरच्या पाळणाघरात ते सोडायचे आणि पुढे गाडी गाठायची, हा नित्यक्रम. दार उघडून आईने मूल पाळणाघराच्या ताईंच्या हाती दिले की बहुधा एक लहानशी घटना घडते. मुलाचा अंगठा तोंडात जातो आणि दुसऱ्या मुठीत आजीच्या जुन्या लुगड्याचा मळकट तुकडा आवळला जातो. रडे थांबते. ताईंना त्याचे नवल वाटत नाही. आईला मात्र गाडीत बसल्यावरही तो अंगठा दिसत राहतो. आणि घरी सासूबाई, शेजारीण व फोनवरून माहेरची मंडळी अंगठ्याला कडुनिंबाचा रस किंवा कोरफडीचा गर लावण्याचा उपाय सुचवीत असतात. दात पुढे येतील, मूल चारचौघांत बावळट दिसेल, सवय जन्मभर सुटणार नाही, अशी धास्ती त्यामागे असते.

ही धास्ती अगदीच निराधार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती कोणत्या वयाला लागू पडते, याचा विचार सहसा होत नाही. अंगठा चोखणे ही मुलाला कोणी लावलेली सवय नव्हे. गर्भातील बालकही अंगठा चोखताना सोनोग्राफीत दिसते. बहुतेक मुले दोन ते चार वर्षांच्या दरम्यान हा नाद आपण होऊनच सोडतात, आणि दुधाचे दात असताना पडलेला फरक सवय सुटल्यावर पुष्कळ अंशी भरून निघतो. कायमचे पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी येऊ लागतात. त्या वेळीही अंगठा तासन्‌तास आणि जोराने चोखला जात असेल, तर वरचे दात पुढे झुकणे, वरच्या-खालच्या दातांत फट राहणे असे दोष संभवतात. म्हणजे काळजीचे वय चार-पाचच्या पुढचे. त्या वयाच्या मुलाशी बोलता येते, त्याला कारण समजावता येते, दंतवैद्याकडे नेता येते. दीड वर्षाच्या मुलाला कडू रस चाखवल्याने त्याने स्वतः शोधलेले सांत्वन तेवढे हिरावले जाते. ते ज्यासाठी शोधावे लागले ते कारण जागच्या जागी राहते.

या बाबतीत शहाण्यांची मतेही स्थिर राहिलेली नाहीत. अमेरिकी सरकारने 1914 साली मातांसाठी काढलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तिकेत, मुलाच्या सदऱ्याची बाही बोटांवरून खाली ओढून पिनेने बंद करावी, असा सल्ला होता. पुढील तीसेक वर्षांत त्याच पुस्तिकेच्या नव्या आवृत्त्यांतून हा कडकपणा ओसरत गेला. मधल्या काळात किती मुलांनी बांधलेल्या हातांनी रात्री काढल्या असतील, याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात असण्याचे कारण नाही.

चिंधीची गोष्ट अंगठ्याहूनही मनोरंजक आहे. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 साली वाचलेल्या एका निबंधात, चादरीचा कोपरा, लोकरीचा तुकडा, कापडी अस्वल अशा वस्तू म्हणजे मुलाची पहिली स्वतःची मालमत्ता होय, असे मांडले. आई आणि बाहेरचे जग यांच्या मधला तो पूल. ती वस्तू मळली, तिला वास आला, तरी समजूतदार आया ती धुवायला धजत नाहीत. कारण तो वास गेला की मुलाच्या लेखी ती वस्तूच उरत नाही, हेही त्यांनी नोंदवले आहे. अर्थशास्त्राची पुस्तके खाजगी मालमत्तेचा आरंभ शेताच्या कुंपणापासून सांगतात; तो पाळण्यातल्या चिंधीपासून सांगायला काहीच हरकत नाही! मराठी घरांत विनिकॉट यांचे नाव ठाऊक नसतानाही नऊवारीच्या घड्यांवर घड्या घालून शिवलेली गोधडी हेच काम करीत आली आहे. आजी गावी परतली तरी तिचे लुगडे पाळण्यात राहते.

इटलीतील गादिनी दांपत्याने 1970 साली प्रसिद्ध केलेली पाहणी या संदर्भात उद्बोधक आहे. खेड्यातील मुलांपैकी शेकडा 5 मुलांनाच अशा वस्तूची ओढ होती. रोम शहरात हे प्रमाण शेकडा 31 भरले. जेथे मूल आईच्या कुशीत झोपते आणि दिवसभर कोणाच्या तरी अंगाखांद्यावर असते, तेथे चिंधीची गरज कमी पडते, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो.

सानपाड्याने हा प्रवास दोन पिढ्यांत केला. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली तेव्हा हे आगरी-कोळ्यांचे गाव होते. 1992 मध्ये खाडी ओलांडून रेल्वे वाशीपर्यंत आली आणि पाहता पाहता गावठाणाभोवती सेक्टर उभे राहिले. जुन्या गावात मूल आजीच्या, आत्याच्या, बहुधा थोरल्या बहिणीच्या कडेवर वाढे. त्या चित्राचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही, कारण त्या बहिणीची शाळा बुडत असे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर काम करताना पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी केली, तिच्यामागे हाच अनुभव होता. सेक्टरातील सदनिकेत तर आजीही नाही आणि आत्याही नाही. तेथे अंगठ्याला व चिंधीला काम वाढले, तर दोष मुलाचा कसा?

ज्या शामकांची खरोखर चिंता करावी, ती मुले स्वतः शोधीत नाहीत. ती त्यांना पुरवली जातात. मुंबईच्या गिरणगावात याचे विदारक उदाहरण घडून गेले आहे. कामकरी स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना 1922 साली असे आढळले की, कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शेकडा 98 मुलांना अफू दिली जात होती. या अफूच्या गोळीला ‘बाळागोळी’ हे लाडके नाव होते. गोळीने मूल गुंगून पडे, त्याची भूकही मंदावे, आणि आईला दहा-अकरा तासांची पाळी भरता येई. त्या आया निर्दय नव्हत्या. पाळी चुकली तर मजुरी जात होती, आणि गिरणीत मूल ठेवायला जागा नव्हती. 1931 साली अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने कारखान्यांतून पाळणाघरांची शिफारस केली; 1948 च्या कारखाने अधिनियमात ती कायद्याने आली. अफूची जागा पाळणाघराने घ्यावयाची होती.

आज अफू कोणी देत नाही. दीड वर्षाच्या मुलाला भरवताना, निजवताना, रडताना समोर धरला जातो तो मोबाईल. त्याची तुलना अफूशी करणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु तो देण्याचे कारण तेच आहे, आणि मूल गप्प होण्याची तऱ्हाही फारशी निराळी नाही. एका वर्षाच्या आतील मुलांना पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले. गंमत अशी की, अंगठ्याला कोरफड लावणाऱ्या घरातच मोबाईल बिनदिक्कत हाती दिला जातो. अंगठा दिसायला वाईट, पडदा दिसायला आधुनिक!

2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा त्याहून अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. सानपाड्याच्या गाडीतून उतरणाऱ्या सर्वच स्त्रिया अशा आस्थापनांत जात नाहीत. कोणी दुकानात उभी असते, कोणी चार माणसांच्या कचेरीत टंकलेखन करते, कोणी पाच घरची धुणीभांडी करते. त्यांच्यासाठी पाळणाघर हा महिन्याच्या जमाखर्चातील एक आकडा असतो. तो जुळला नाही, तर मूल शेजारणीकडे किंवा थोरल्या भावंडाकडे राहते, आणि भावंडाच्या हातात बहुधा आईचा जुना मोबाईल असतो.