स्टेपनी
मोटारगाडीचे एखादे चाक पंक्चर झाल्यास किंवा त्याचा टायर फुटल्यास त्याच्या जागी बसविण्यासाठी गाडीत ठेवलेले जादा चाक. सर्वच स्टेपन्या नेहमीच्या चाकाच्या तोडीच्या नसतात. काही केवळ दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत गाडी नेण्यापुरत्याच बनविलेल्या असतात. म्हणून स्टेपनीचा प्रकार ओळखून वेग व अंतर यांवर मर्यादा ठेवणे, हे तिच्या सुरक्षित वापराचे मूलतत्त्व होय.

इतिहास : आरंभीच्या मोटारगाड्यांबरोबर जादा चाक नसे. घोड्यांच्या नालांचे खिळे रस्त्यांवर पडलेले असल्याने टायर वारंवार पंक्चर होत आणि ते रस्त्यातच उतरवून दुरुस्त करावे लागत. १९०४ मध्ये वेल्समधील लानेली या गावी टॉमस मॉरिस डेव्हिस व त्यांचे बंधू वॉल्टर यांनी आरे नसलेली, हवा भरलेला टायर चढविलेली एक रिम तयार केली. ती पंक्चर चाकाला बाजूने पकडींनी अडकवीत. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर होता व त्यावरून या साधनास ‘स्टेपनी’ हे नाव पडले. पुढे सहज काढता-घालता येणारी चाके प्रचारात आल्यावर हे साधन मागे पडले. परंतु मराठी, हिंदी इ. भारतीय भाषांत ते नाव जादा चाकाला कायमचे चिकटले.

प्रकार : (१) समान चाक : याची रिम व टायर इतर चाकांसारखेच असतात. हवेचा दाब योग्य असेल व टायर जुना झालेला नसेल, तर त्यावर वेगाचे वेगळे बंधन नसते. (२) जवळपास समान व्यासाचे, परंतु अरुंद चाक : बाकीची चाके मिश्रधातूच्या रिमची असताना हे बहुधा पोलादी रिमचे असते. उदा., १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सु. ६२२ मिमी., तर १६५/८० आर १४ या मापाच्या टायरचा सु. ६२० मिमी. भरतो. रिम लहान दिसली, तरी व्यास जवळजवळ तोच असतो. मात्र रुंदी कमी असल्यामुळे रस्त्यावरील पकड सारखी राहत नाही. (३) तात्पुरते लहान चाक : जागा व वजन वाचविण्यासाठी हे अरुंद व कमी व्यासाचे करतात. टायरच्या मापापूर्वी ‘टी’ या अर्थाचे रोमन अक्षर असते. त्यात सु. ४२० किलोपास्कल (दर चौ. इंचास सु. ६० पौंड) एवढा, म्हणजे सामान्य टायरच्या जवळजवळ दुप्पट दाब लागतो. त्यावर बहुधा ताशी ८० किमी. ही वेगमर्यादा ठळकपणे छापलेली असते. (४) घडीचा टायर : हा हवा काढून आकसलेल्या स्थितीत ठेवतात व चाक बसविल्यावर पंपाने फुगवितात. हा प्रकार थोड्याच गाड्यांत आढळतो.

लहान चाकाचे परिणाम : वर उल्लेखिलेल्या ६२२ मिमी. व्यासाच्या चाकाऐवजी टी १२५/७० या मापाचे १५ इंची चाक बसविले, असे समजू. त्याचा व्यास सु. ५५६ मिमी. असल्याने एका किमी. अंतरात नेहमीचे चाक सु. ५१२ फेरे करते, तर हे सु. ५७२ फेरे करते. वळणावर आतील व बाहेरील चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरेन्शियल ही दंतचक्रांची जुळणी यामुळे सरळ रस्त्यावरही सतत कार्यरत राहते आणि वेग व अंतर वाढेल तशी तापून झिजते. हा दोष लहान चाक एंजिनाची शक्ती मिळणाऱ्या आसावर असतानाच उद्‌भवतो. म्हणून पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पुढचे चाक पंक्चर झाल्यास मागील एक चांगले चाक पुढे आणून लहान चाक मागे बसविणे हितावह असते. अर्थात हे काम करण्यास रस्त्याकडेला सुरक्षित जागा हवी. चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीबाबत उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचनाच पाळाव्यात.

अरुंद टायरचा रस्त्याशी संपर्क कमी व त्यावरील खाचा उथळ असतात. त्यामुळे ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाते व थांबण्यास अधिक अंतर लागते. ओल्या रस्त्यावर व घाटातील वळणांवर हा फरक विशेष जाणवतो. गाडीची त्या बाजूची उंचीही कमी होत असल्याने खड्डे व गतिरोधक सावकाश ओलांडावेत. पुढील वाहनापासून अधिक अंतर ठेवावे, अवजड सामान लादू नये आणि एकाच वेळी दोन लहान चाके वापरू नयेत.

निगा : स्टेपनी वर्षानुवर्षे न वापरल्याने तिच्यातील हवा हळूहळू कमी होते व रबर जीर्ण होते, खाचा नव्यासारख्या दिसल्या, तरी टायर निर्धोक असतोच असे नाही. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व नंतरचे दोन वर्ष दर्शवितात; उदा., २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. दहा वर्षांहून जुना टायर न वापरण्याची शिफारस अनेक उत्पादक स्टेपनीलाही लागू करतात. इतर चाकांची हवा तपासताना स्टेपनीचीही तपासावी. चाक बसविताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत व काही अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत.

पर्याय : हवा गेल्यावरही ताठ बाजूंमुळे काही अंतर चालणारे टायर, तसेच छिद्र बुजविणारा द्राव व लहान पंप यांचा संच, यांमुळे काही गाड्यांत स्टेपनी देत नाहीत. भारतात २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार, ट्यूबविरहित टायर, टायरमधील दाब दर्शविणारी यंत्रणा व दुरुस्ती-संच असलेल्या ३·५ टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारगाड्यांना स्टेपनीच्या सक्तीतून सूट मिळाली. मात्र हा द्राव टायरच्या पृष्ठावरील लहान छिद्रच बुजवू शकतो. बाजू फाटल्यास त्याचा उपयोग होत नाही. म्हणून आपल्या गाडीत स्टेपनी आहे की संच, आणि स्टेपनी असल्यास ती कोणत्या प्रकारची, हे लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीच पाहणे आवश्यक ठरते.