एक भाकर, एक प्याला

एखाद्या समाजाची अंतर्रचना समजून घ्यावयाची असेल, तर त्याचे धर्मग्रंथ उघडण्याआधी त्याची पंगत पाहावी. कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोणाला आधी वाढले जाते, कोणाचे पान उंबऱ्याबाहेर मांडले जाते, यावरून तेथे माणसाचे मोल कसे ठरते ते कळते. 'रोटीव्यवहार' हा शब्द मराठीने उगाच घडविलेला नाही. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत ही कसोटी विशेष उपयोगी पडते. कारण या धर्माच्या उपासनेचा गाभा म्हणजे एक जेवणच आहे. रोमन कॅथलिकांच्या मिस्सेत मिळणाऱ्या भागाला ख्रिस्तप्रसाद म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याच विधीला प्रभुभोजन अथवा पवित्र सहभागिता हे नाव आहे. नावे अनेक असली तरी कृती मुळात एकच. भाकर घ्यावयाची, देवाचे उपकार मानावयाचे, ती मोडावयाची आणि सर्वांनी वाटून खावयाची. त्याचप्रमाणे द्राक्षरसाच्या एका प्याल्यातून सर्वांनी प्यावयाचे.

या विधीवरून जवळजवळ दोन हजार वर्षे वाद झाले. त्यांतील बहुतेक वाद भाकरीचे काय होते याविषयीचे होते. मेजाभोवती जमणाऱ्या माणसांचे काय होते, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. वस्तुतः या विधीची खरी परीक्षा तेथेच आहे.

करिंथची पंगत

येशूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या बारा शिष्यांबरोबर जे शेवटचे भोजन केले, त्यातून हा विधी उगम पावला. ते दिवस यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाचे होते. मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेचे स्मरण म्हणून तो सण पाळला जातो व त्यात बेखमीर भाकर खातात. गुलामांच्या मुक्ततेची आठवण या विधीच्या मुळाशी आहे, हे विसरून चालणार नाही. येशूने भाकर मोडून दिली, ती आपले शरीर आहे असे सांगितले. प्याला दिला, तो आपले रक्त आहे असे सांगितले आणि आपल्या स्मरणार्थ असे करीत जावे अशी आज्ञा केली. ज्याने त्याला शत्रूंच्या स्वाधीन केले तो यहूदाही त्या मेजावर होता. योहानाच्या शुभवर्तमानात तर त्या रात्रीच्या भाकरीचा व प्याल्याचा विधी वर्णिलेलाच नाही. त्याऐवजी येशूने उठून शिष्यांचे पाय धुतले, असे सांगितले आहे. पाय धुणे हे त्या काळी दासाचे काम होते.

या विधीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शुभवर्तमानांत नसून, पौलाने इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे. विशेष असे की, तो उल्लेख एका तक्रारीच्या ओघात आला आहे. करिंथ हे श्रीमंत व्यापारी बंदर होते आणि तेथील मंडळीत सधन लोकांबरोबर गोरगरीबही होते. सहभोजनाच्या वेळी प्रत्येक जण आपापले जेवण आधीच उरकून घेई. परिणामी कोणी उपाशी राही, तर कोणी पिऊन तर्र होई. पौलाने यावर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला. असे जेवण प्रभूचे भोजन नव्हेच, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजविण्याचा तो प्रकार आहे, असा त्याचा निवाडा होता. त्याने सुचविलेला उपाय अगदी साधा होता : जेवावयाला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतच या विधीचा भंग झाला होता, आणि तो श्रद्धेच्या कमतरतेने नव्हे, तर वाटपातील विषमतेने झाला होता.

पुढे इ. स. १५० नंतरच्या दशकात रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती विद्वानाने बादशहाला उद्देशून जे निवेदन लिहिले, त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन येते. वाचन, उपदेश व प्रार्थना झाल्यावर भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस सर्वांना वाटला जाई. जे येऊ शकले नसतील त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी पोहोचवीत. ऐपत असलेले लोक स्वेच्छेने वर्गणी देत आणि तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परदेशी पाहुणे यांची तरतूद होई. वेदीवरील वाटप आणि मंडळीच्या निधीचे वाटप ही दोन वेगळी कामे आहेत असे त्या लोकांना वाटत नव्हते. पहिले हे दुसऱ्याचा आरंभ होता.

प्याल्यासाठी झालेली युद्धे

मंडळी वाढली, राजमान्य झाली, तसा विधीचा थाट वाढला आणि मेज लोकांपासून दूर गेले. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने भाकर व द्राक्षारस यांचे बाह्य रूप कायम राहून मूळ सत्त्व पालटते, हा सिद्धान्त अधिकृत केला. त्याच परिषदेने प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा, ईस्टरच्या सुमारास, ख्रिस्तप्रसाद घ्यावा असा नियम घातला. असा किमान नियम घालावा लागला, यावरून सामान्य लोक मेजापासून किती लांब गेले होते याची कल्पना येते. पश्चिम युरोपात प्याला तर हळूहळू फक्त धर्मगुरूंपुरताच उरला. सांडण्याचे भय हे एक कारण सांगितले जाई. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या परिषदेने सामान्यजनांना प्याला देण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी यान हुस या चेक सुधारकाला तेथेच जाळण्यात आले. त्यानंतर बोहेमियात जे बंड पेटले त्याचे निशाणच प्याला हे होते. कित्येक वर्षांच्या युद्धांनंतर १४३६ साली चेक लोकांना प्याल्याचा हक्क मान्य करून घेता आला. धर्मगुरू व सामान्य माणूस यांनी एकाच भांड्यातून प्यावे एवढ्यासाठी माणसे लढली, हे वरवर चमत्कारिक वाटेल. परंतु भांड्यावरून माणसाची पायरी ठरते हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला त्याचे नवल वाटू नये.

१५२९ साली मारबुर्ग येथे लूथर व झ्विंग्ली या दोन धर्मसुधारकांची भेट झाली. बहुतेक सर्व मुद्द्यांवर एकमत झाले, अडले ते या भाकरीवर. ख्रिस्त भाकरीत खरोखर उपस्थित असतो, असे लूथरचे म्हणणे. तर हा विधी मुख्यतः स्मरणाचा आहे, असे झ्विंग्लीचे. समेट झाला नाही आणि एकतेचा विधीच फुटीचे कारण ठरला. त्याच्या खुणा आजच्या आचारात दिसतात. कॅथलिक चर्चमध्ये गव्हाच्या पिठाची पातळ, बेखमीर, पांढरी चकती देतात. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स मंडळ्या आंबवलेली भाकर वापरतात. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत न आंबवलेला द्राक्षरस चालतो. मुक्तिफौजेने तर १८८३ साली हा विधी पाळणेच सोडले. रोजचे प्रत्येक जेवण प्रभूच्या स्मरणाचे व्हावे, अशी त्यामागची भूमिका आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लॅटिनची सक्ती शिथिल केली आणि वसईच्या शेतकऱ्याला मिस्सा मराठीत ऐकू येऊ लागली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला, तेव्हा वेदी हे मुळात मेज होते याची आठवण पुन्हा जागी झाली.

दुर्बळांसाठी दिलेली सवलत

माणसांच्या बाजूने विधीची परीक्षा कशी होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण आफ्रिकेत सापडते. तेथील डच रिफॉर्म्ड मंडळीत गौरेतर सभासदांनी गोऱ्यांबरोबर प्रभुभोजन घ्यावे की काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा १८२९ सालच्या धर्मसभेने वर्णाचा भेद न करता सर्वांनी एकत्रच घ्यावे असा निर्वाळा दिला. परंतु तक्रारी थांबल्या नाहीत. १८५७ साली त्याच मंडळीच्या सभेने, एकत्र उपासना हीच इष्ट व शास्त्राला धरून असली तरी, काहींच्या दुर्बळतेमुळे अडचण येत असेल तेथे वेगळी व्यवस्था करण्यास हरकत नाही, असा ठराव केला. तत्त्व जागेवर राहिले; सोय मात्र वेगळी झाली. १८८१ साली गौरेतरांसाठी स्वतंत्र मंडळीच स्थापन झाली. १९४८ नंतर वर्णविभेद हे जेव्हा शासनाचे अधिकृत धोरण बनले, तेव्हा त्याचे समर्थन करणाऱ्यांपाशी धर्मसंस्थेचा जवळजवळ शतकाचा दाखला तयार होता. पुढे १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संमेलनात दक्षिण आफ्रिकेतील काही कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय प्रतिनिधींनी, आपल्या देशात जे आपल्याबरोबर एका मेजावर बसत नाहीत त्यांच्यासह येथे प्रभुभोजन घेण्यास नकार दिला. त्याच संमेलनाने वर्णविभेदाच्या समर्थनाला पाखंड ठरवून तेथील दोन गोऱ्या मंडळ्यांचे सदस्यत्व स्थगित केले. एका मेजाची दोन मेजे झाली, तेव्हा कोणाला ती मोठी घटना वाटली नव्हती.

दोन्ही चहापेले

भारतात या 'सोयी'चे नाव जात हे होते. तंजावर व मद्रासकडील जुन्या मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि ख्रिस्तप्रसाद आधी घेत. बाकीच्यांची पाळी मागाहून. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली हे भेद ताबडतोब मोडण्याची आज्ञा केली, तेव्हा अनेकांनी चर्च सोडणे पत्करले, पण रांग सोडली नाही. गोव्यात चर्चच्या सेवेसाठी स्थापन झालेल्या कॉन्फ्रारियांचे सभासदत्वही कित्येक गावी जातीवर ठरत असे.

महाराष्ट्रात पेल्याचा धाक किती होता, हे १८९० साली पुण्यात दिसले. पंच हौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक प्रभृती मंडळींपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. तो काही धार्मिक विधी नव्हता, साधे आदरातिथ्य होते. तरीही नावे प्रसिद्ध होताच ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि देशातील अग्रगण्य पुरुषांना प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला. पाहुण्याच्या पेल्याने एवढा गहजब होत असेल, तर सर्व जातींच्या ओठांना लागणारा चर्चमधील प्याला हे केवढे धाडस होते, हे निराळे सांगावयास नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. सोवळ्याओवळ्याशी त्यांच्या मनाने दिलेला झगडा 'स्मृतिचित्रे'त आला आहे. सिद्धान्त पटणे निराळे आणि दुसऱ्याच्या हातचे पाणी घशाखाली उतरणे निराळे, हे त्या पुस्तकाइतके मोकळेपणाने क्वचितच कोणी सांगितले असेल.

विसाव्या शतकात मेजे जोडण्याचे प्रयत्नही झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे निरनिराळ्या परंपरांच्या सहा मंडळ्यांनी आपले भेद बाजूस ठेवून उत्तर भारतीय मंडळी स्थापन केली. अँग्लिकन आणि बाप्तिस्त, प्रेस्बिटेरियन आणि ब्रदरन यांना एका वेदीवर आणणारा तो दिवस होता. कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यातील दरी मात्र मिटलेली नाही; सर्वसाधारण नियमानुसार कॅथलिक चर्चचा प्रसाद इतर ख्रिस्ती लोकांना आजही मिळत नाही. जातीचा प्रश्नही संपलेला नाही. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच डिसेंबर २०१६ मध्ये दलित ख्रिस्ती लोकांविषयी धोरण जाहीर करताना, चर्चच्या आत भेदभाव चालतो हे मान्य केले. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही भिंत उभी राहिली. ज्यांनी आयुष्यभर एक भाकर खाल्ली, त्यांना मातीत मात्र शेजार नाकारला गेला.

आरोग्याच्या कारणास्तव पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी एका प्याल्याऐवजी लहान लहान पेले स्वीकारले आहेत. ही प्रथा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रोगजंतूंचे ज्ञान पसरल्यावर रुजली. २०२० च्या कोविडच्या साथीने तिला नवे बळ दिले. त्यात गैर काही नाही. तथापि ज्या देशात खेड्यातील चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळा पेला ठेवण्याची रीत होती, तेथे वेगळ्या पेल्याला नेहमीच दुसराही एक अर्थ असतो. म्हणून पेले किती आहेत यापेक्षा ते कोणत्या रांगेने फिरतात, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे, तर प्रभुभोजनाचे वाटप हे एक अपूर्व वाटप आहे. तेथे क्रयशक्ती विचारली जात नाही आणि श्रीमंताला मोठा तुकडा मिळत नाही. कारखानदार आणि त्याचा हमाल यांच्या हातावर पडणारा भाग सारखाच असतो. आठवड्यातून तासभर तरी माणूस या हिशेबाने मोजला जातो, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु तो तुकडा इतका लहान असतो की, त्याने कोणाची भूक भागत नाही, आणि कदाचित तो तसाच असावयास हवा. उरलेली भाकर चर्चच्या दाराबाहेर, मजुरीच्या दरात, शाळेच्या बाकावर, विहिरीच्या काठावर आणि घरच्या पंगतीत वाटली जावयाची असते. ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न त्याचा धर्मच दर रविवारी विचारतो. इतरांना तो विचारणारे कोणी नसेल, तर त्यांनी तो स्वतःला विचारण्यास हरकत नसावी. एकमेकांसाठी थांबा, हा करिंथकरांना दिलेला सल्ला केवळ त्यांच्यापुरता नव्हता.