ताप येण्याआधीची लढाई

पावसाळा लागला की गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली भागांत मलेरिया डोकं वर काढतो, आणि अत्यवस्थ रुग्णांना नागपूरच्या मेडिकलमध्ये आणावं लागतं. मात्र अंगात हुडहुडी भरते तोवर पहिली लढाई संपलेली असते. ती होते यकृतात, रुग्णाला पत्ताही न लागता.

अ‍ॅनोफिलीस डासाची मादी चावली की मलेरियाचा परजीवी रक्तावाटे यकृत गाठतो. पेशीत शिरताना तो तिचंच पटल अंगाभोवती ओढून घेतो आणि त्या पिशवीत आठवडाभरात एकाचे हजारो होतात.

पेशी हातावर हात धरून बसत नाही. एलसी-३ नावाची प्रथिनं त्या पिशवीला चिकटतात. मग पाचक रसांनी भरलेल्या लायसोसोमच्या पुटिका येऊन भिडतात. पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींनाही सावध करते. बरेच परजीवी इथेच मरतात. पण हा शत्रू बेरकी आहे. तो स्वतःचं यूआयएस-३ हे प्रथिन पिशवीच्या पटलावर बसवून एलसी-३ला जखडतो. उंदरांच्या मलेरियावरील प्रयोगात हे प्रथिन काढून टाकलं, तेव्हा यकृतपेशींनी परजीवींचा फडशा पाडला. नव्या औषधासाठी मला ही जागा फार मोलाची वाटते.

व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियाचे परजीवी तर यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतात. म्हणून ताप उतरला तरी डॉक्टरांनी दिलेला प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा डोस अर्धवट सोडू नका.