भिंत दुकानदाराची, आवाज कुणाचा?

लेखमाला : गावातलं दुकान, भाग ६

मागच्या भागात उधारीच्या वहीबद्दल लिहिलं. या वेळचा विषय त्या वहीच्या पाठीमागची भिंत. लहान दुकानदाराकडे जाहिरातीसाठी वेगळा पैसा नसतो, पण भिंत असते, दार असतं, शटर असतं, गल्ल्यापुढची हातभर जागा असते. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात या जागेचं काय होतं ते पाहिलं की मनाला लागतं. बहुतेक दुकानांत ती दुसऱ्याला फुकट देऊन टाकलेली असते.

पेरणीच्या तोंडावर दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा, राळेगाव, कुठल्याही गावच्या कृषी केंद्रात जा. छतापासून काउंटरपर्यंत पोस्टरं. प्रत्येकावर तेच कपाशीचं झाड, बुडापासून शेंड्यापर्यंत बोंडांनी लगडलेलं, एकही पान किडलेलं नाही. बाजूला फेटा बांधलेला हसरा शेतकरी, वर वाणाचं नाव, खाली ‘भरघोस उत्पादन’ आणि ‘वेचणीला सोपे’. कंपनीचं नाव हाताने झाकलं तर कोणतं पोस्टर कुणाचं हे ओळखू येणार नाही. मे महिन्यात कंपनीचा माणूस गुंडाळी घेऊन येतो, स्वतःच चिकटपट्टी लावतो आणि निघून जातो. शेतकरी आत येतो, भिंतीवरून नजर फिरवतो आणि शेवटी दुकानदारालाच विचारतो, “भाऊ, आपल्या हलक्या जमिनीले कोन्तं चालन?”

या प्रश्नाचं उत्तर त्या सगळ्या भिंतीवर कुठेच नसतं. कंपनीला जे सांगायचं ते तिथे आहे, गिऱ्हाइकाला जे विचारायचं ते नाही. दोन्हींच्या मधे उभा असलेला दुकानदार हे रोज तोंडाने सांगतो, पण स्वतःच्या भिंतीवर लिहीत नाही. माझं सगळं म्हणणं या एका ठिकाणी आहे: दुकानातलं पोस्टर दुकानदाराचं हवं.

याच दुकानात एक फलक कायद्यानेच लावावा लागतो. १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आणि १९८५ चा खत नियंत्रण आदेश, दोन्ही सांगतात की विक्रेत्याने साठा आणि दर लोकांना दिसतील असे लिहून ठेवावेत. बीटी कापसाच्या बियाण्याची कमाल किंमत तर २०१६ पासून केंद्र सरकारच ठरवतं. २०२४ च्या खरिपात बीजी-२ या बीटी प्रकाराच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ती ८६४ रुपये होती, मग वाण कोणताही असो. म्हणजे इतक्या पोस्टरांच्या मागे कमाल भाव एकच! शेतकऱ्याला ही गोष्ट सगळ्यात आधी कळायला हवी, आणि नेमका तोच फलक कित्येक दुकानांत दाराच्या आड किंवा पोत्यांच्या थप्पीमागे गेलेला असतो, अर्धवट पुसलेला. एखाद्या वाणाची मागणी वाढते, टंचाईची कुजबुज सुरू होते, युरियासोबत दुसरं काही घ्यायला लावणारं ‘लिंकिंग’ कानावर येतं, तेव्हा गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा भाव शोधते. तो फलक काढून दर्शनी लावा, रोज सकाळी ताजा लिहा. अशा दिवसांत गिऱ्हाईक बांधून ठेवणारं यापेक्षा मोठं पोस्टर नाही.

त्याच्या शेजारी दुसरा कागद लावता येईल, दुकानदाराच्या नावाने: “पक्की पावती मागून घ्या. पिशवी, टॅग आणि थोडं बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा.” कृषी विभाग दरवर्षी हेच आवाहन करतो, कारण बियाणं उगवलं नाही तर तक्रारीला तेवढाच पुरावा लागतो. दुकानदाराने ते आपल्या अक्षरात लिहिलं की त्याचा अर्थ बदलतो. तो सांगतोय की उद्या काही झालं तर मी इथेच आहे.

यवतमाळमध्ये हा विषय नुसत्या विक्रीचा राहत नाही. २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड त्या दिवसांत भरून गेले होते. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा अंगावर, तोंडावर येत होता, आणि एका पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरका चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द असतो, आणि लाल गटात कवटी व हाडांचं चिन्हही. डब्यावर हे चिन्ह लहानसं असतं, आणि मजुराच्या हातात बहुतेकदा डबा नाही तर कालवलेलं पाणीच येतं. भिंतीवरच्या रंगीत पोस्टरावर मेलेली अळी मोठी असते, त्रिकोण नसतोच.

म्हणून मला वाटतं, जिल्ह्यातल्या प्रत्येक कृषी केंद्रात चार त्रिकोणांचं एक हातभर मोठं पोस्टर हवं. रंगवलेले त्रिकोण, प्रत्येकाशेजारी मोठ्या अक्षरात दोन शब्द, आणि खाली एक ओळ: “दोन औषधं स्वतःच्या मनाने मिसळू नका, आम्हाला विचारा.” यातल्या ‘आम्हाला विचारा’ला खरा आधार आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेला, कृषी विक्रेत्यांसाठीचा एक वर्षाचा ‘देसी’ अभ्यासक्रम आज कितीतरी विक्रेत्यांनी केलेला असतो. शिकलेला दुकानदार आपलं शिक्षण भिंतीवर का आणत नाही? कोलाम आणि गोंड पाड्यांवरून, बंजारा तांड्यांवरून येणाऱ्या, अक्षरओळख कमी असलेल्या माणसालाही रंग कळतो. मारेगाव, झरी जामणी, केळापूर भागात तर याची फार गरज आहे.

कृषी केंद्राबद्दल इतकं लिहिलं कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. पण किराणा, तेलघाणी, शिलाईचं दुकान, बचत गटाचा स्टॉल, सगळीकडे अडचण हीच आहे.

बचत गटांच्या विक्रीच्या मांडवात फ्लेक्स पाहा. वर योजनेचं नाव, बोधचिन्हं, मग मान्यवरांचे फोटो, मग गटाचं लांबलचक नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. तूर डाळ बिचारी उरलेल्या कोपऱ्यात. तीन फूट लांबून जाणाऱ्या बाईला त्या गटाची अध्यक्ष कोण हे कळतं, डाळ कितीला हे कळत नाही. मग ती थांबून विचारते, “कितीले देता?” आणि ज्या विचारत नाहीत त्या पुढे निघून जातात. त्याच फ्लेक्सवर वरच्या निम्म्या भागात ‘तूर डाळ’, खाली ‘जात्यावर भरडलेली, पॉलिश नाही’ आणि किलोचा भाव एवढंच असतं तर? गटाचं नाव खाली एका ओळीत पुरतं. ‘दर्जेदार’, ‘उत्कृष्ट’, ‘एक नंबर’ हे शब्द सगळेच लिहितात, म्हणून ते कुणीच वाचत नाही. ‘जात्यावर भरडलेली’ हे डोळ्यांनी तपासता येतं. अर्थात ते खरं असलं तरच लिहायचं. खाद्यपदार्थांच्या जाहिरातीतल्या दाव्यांना २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय) स्वतंत्र नियम आहेत, ‘शुद्ध’, ‘ताजे’, ‘नैसर्गिक’ हे शब्दही मनाला येतील तसे वापरता येत नाहीत. मधुमेह बरा करणारं तेल किंवा चूर्ण असल्या पोस्टरांना तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. ती दुकानात कुणी फुकट आणून दिली तरी लावू नयेत.

आता अक्षरांकडे येऊ, कारण चांगला मजकूरही इथे मार खातो. फलक रंगवणाऱ्यांचा एक साधा हिशेब आहे: दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. समोरच्या फुटपाथवरून, तीस-चाळीस फुटांवरून, दिसायचं असेल तर तीन-चार इंच. देवनागरीत ही उंची मोजताना चूक होते. आपल्या ओळीचा बराच भाग वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार खातात, त्यामुळे ‘र्की’ मोजायचा नाही, नुसता ‘क’ मोजायचा. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारा मोटारसायकलवाला सेकंदाला छत्तीस फूट कापतो. शंभर फुटांवरून पाटी दिसली तरी त्याच्याकडे तीन सेकंदही नसतात. एवढ्यात पाच-सहा शब्दच वाचून होतात. यवतमाळच्या दत्त चौकातल्या गर्दीत वाहनं हळू जातात, पण तिथे नजरेला दहा पाट्या एकदम दिसतात, म्हणून हिशेब बदलत नाही.

ऊन हा दुसरा मुद्दा. उन्हाळ्यात इथे पारा ४४-४५ ला टेकतो. छपाईच्या चार शाईंपैकी पिवळी आणि गुलाबी उन्हात लवकर उडतात, निळी आणि काळी टिकतात. वर्ष-दोन वर्षांच्या पोस्टरातली माणसं निळीशार दिसतात ती यामुळे. आपण भाव हौसेने लाल रंगात टाकतो, आणि लाल रंग याच दोन शाईंचा असतो, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा आकडा सगळ्यात आधी फिका पडतो. पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड असलेल्या दुकानाने भाव काळ्याने लिहावा, पिवळ्या नाहीतर पांढऱ्या जमिनीवर.

फ्लेक्स यायच्या आधी हे सगळं ज्ञान पेंटरच्या हातात होतं. रंगात भिजवलेला दोरा दोघांनी भिंतीवर ताणून धरायचा, मधे टिचकी मारायची, शिरोरेषेसाठी सरळ रेघ उमटायची. मग त्या रेघेला अक्षरं टांगली जायची. त्याला ठाऊक असायचं की देवनागरीची अक्षरं लांब लांब पसरली की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. फ्लेक्सवाल्याकडे संगणक आहे, वेळ नाही. रफार शेजारच्या अक्षरावर गेलेला, जोडाक्षर फुटलेलं, असे फलक आपण रोज पाहतो. छापायच्या आधी प्रूफ मोठ्याने वाचून घ्या, भाव आणि फोन नंबर दुसऱ्याकडून वाचवून घ्या. आणि रोज बदलणाऱ्या गोष्टीसाठी फ्लेक्स करूच नका. कार्डशीट, जाड मार्कर आणि स्वच्छ हस्ताक्षर पुरतं. हाताने लिहिलेलं पाहिलं की हे आजचं आहे हे गिऱ्हाइकाला न सांगता कळतं.

जागा निवडताना हल्ली एक नवी जागा मिळाली आहे. फोनने पैसे देताना प्रत्येक गिऱ्हाईक क्यूआर कोडसमोर चार-पाच सेकंद थांबतंच. तिथल्या पाटीवर पुन्हा दुसऱ्याच कंपनीचं नाव. त्या कोडच्या बाजूला तळहाताएवढी चिठ्ठी लावा: “शुक्रवारी ताजं जवस तेल.” दारावरच्या मोठ्या फ्लेक्सपेक्षा ही चिठ्ठी जास्त वाचली जाते, कारण वाचणाऱ्याचा हात तेव्हा पैशावर असतो.

दिवसही जिल्ह्याप्रमाणे धरावेत. इथे पैसा कापसाबरोबर येतो. जून-जुलैत हात तंग असतो, तेव्हा दुरुस्ती, सुटं, लहान पुडकं यांचं पोस्टर हवं. पोळ्याला बैलांचा साज. पहिली वेचणी विकली गेली की दिवाळीपासून कापड, भांडी, लग्नाची खरेदी. आठवड्याचं गणितही ठरलेलं आहे: मजुरी बाजाराच्या दिवशी हातात पडते, म्हणून कार्डशीट बदलायची ती बाजाराच्या आदल्या रात्री.

घरात जाणारं पोस्टर मात्र एकच, कॅलेंडर. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर लागल्या, आणि व्यापाऱ्यांनी लवकरच ओळखलं की देवाच्या चित्राखाली आपलं नाव छापलं तर ते वर्षभर कुणी फाडत नाही. १९७३ मध्ये ‘कालनिर्णय’ने पंचांग आणि घरातल्या नोंदी एकत्र आणल्या. आपल्याकडचे दुकानदार अजूनही दरवर्षी कॅलेंडर वाटतात, पण त्यावर फक्त दुकानाचं नाव आणि ‘शुभेच्छुक’ असतं. त्यातच गावोगावचे बाजाराचे वार, दुकानाची सुट्टी आणि घरपोच माल कुठल्या दिवशी निघतो हे छापलं तर स्वयंपाकघरातली बाई ते कामासाठी पाहील.

बाहेर लावताना एवढं सांभाळा: विजेचा खांब, शाळेची किंवा दुसऱ्याची भिंत नको, मालमत्ता विद्रूपणाविरुद्ध १९९५ चा राज्याचा कायदा आहे. रस्त्यावरच्या फ्लेक्सला नगरपरिषदेची परवानगी लागते. दुकानाच्या नावाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, हे २०२२ पासून लहान दुकानांनाही लागू आहे.

या आठवड्यात एक करून पाहा. काउंटरवर कागद ठेवा आणि दिवसभरात गिऱ्हाईक जे जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत टिपा. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला त्याचं उत्तर मोठ्या अक्षरात लिहा, आणि ते लावायला जागा करण्यासाठी कंपनीचं एक पोस्टर उतरवा.

पुढच्या भागात : तराजू, वजनं आणि मापात मिळणारा विश्वास.