जावक झाली, आवक झाली, कारवाई राहिली

दरवर्षी ३० जानेवारी जवळ आली की आपल्या पोरांच्या मोबाईलवर एक ठराविक मजकूर फिरू लागतो. गांधीजींवर चौथी गोळी भलत्याच कुणीतरी झाडली, त्यामागे परदेशी गुप्तहेर होते, आणि ‘आता उघड झालेल्या कागदपत्रांत’ त्यांचे नाव आहे! धाराशिवला एका अभ्यासवर्गात हाच मजकूर एका तरुणाने आम्हाला दाखवला. आम्ही त्याला एवढेच विचारले, ‘बाबा रे, तो कागद तू पाहिलास का?’ त्याने पाहिला नव्हता. पाठवणाऱ्यानेही पाहिला नसावा.

वाचकहो, हा चौथ्या गोळीचा मुद्दा खरोखरच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची ‘फोर्स १३६’ नावाची गुप्त संघटना पूर्वेकडील देशांत काम करीत होती. तिचा या खुनात हात होता, म्हणून फेरतपास करा, अशी ती याचिका. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमले. त्यांनी जुनी कागदपत्रे चाळून जानेवारी २०१८ मध्ये कळवले की चौथ्या गोळीला किंवा परदेशी हाताला कसलाही आधार नाही, मारेकरी आणि कट दोन्ही सिद्ध झालेले आहेत. २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली गेली. तो विषय तिथे संपला.

पण या खटल्याच्या कागदांत एका गुप्तवार्ता खात्याचे नाव खरोखरच आहे, आणि तेही पानोपानी. ते खाते परदेशी नाही, आपलेच आहे. दिल्लीचा केंद्रीय गुप्तवार्ता विभाग, म्हणजे इंटेलिजन्स ब्यूरो. त्याचे नाव कटवाला म्हणून येत नाही. ते येते ते ज्याच्या हाती माहिती होती आणि ज्याच्या टेबलावरून ती वेळेत पुढे सरकली नाही असे एक कार्यालय म्हणून. आम्ही कारकुनी केलेली माणसे. खुनाचा खटला वाचताना वकिलाला साक्षीपुरावा दिसत असेल, आम्हाला मात्र आवक-जावक रजिस्टर दिसते.

हे कागद बाहेर कसे आले तेही पाहण्यासारखे आहे. लाल किल्ल्यातील खटल्याचा निकाल न्यायाधीश आत्मा चरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी दिला. २० ते ३० जानेवारी १९४८ या काळात पोलिसांनी थोडी जरी तत्परता दाखवली असती तर कदाचित हा खून टळला असता, असे त्यांनी निकालातच नमूद केले. पुढे पंधरा वर्षे सगळे थंड. ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, विष्णू करकरे आणि मदनलाल पाहवा शिक्षा भोगून सुटले. नोव्हेंबरात पुण्यात त्यांच्यासाठी पूजा घातली गेली, सत्कार झाला. त्या समारंभात लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामचा विचार आपल्याला आधीच ठाऊक होता आणि बाळूकाका कानिटकरांमार्फत तो मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना कळवलाही होता. देशभर गहजब झाला. लोकसभेत प्रश्न आले. अखेर चौकशी आयोग नेमावा लागला, आणि १९६६ पासून त्याचे काम न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी पाहिले. १०१ साक्षीदार, ४०७ दस्तऐवज. अहवाल सादर झाला ३० सप्टेंबर १९६९ रोजी. सत्कार केला नसता तर हे कागद कदाचित तसेच पडून राहिले असते!

आता त्या दहा दिवसांकडे वळू.

२० जानेवारी १९४८. दिल्लीला बिर्ला हाऊसमध्ये प्रार्थनेच्या वेळी गनकॉटनचा स्फोट झाला. जवळच राहणाऱ्या एका बाईने बोट दाखवले म्हणून मदनलाल जागीच पकडला गेला. कुठल्याही खात्याची नोकर नसलेली साधी बाई ती, पण तिने वेळेवर पाहिले आणि वेळेवर सांगितले. मदनलाल पंजाबातून आलेला निर्वासित, अहमदनगरला राहिलेला. त्याच महिन्यात नगरला रावसाहेब पटवर्धनांच्या सभेत त्याने दांडगाई केली होती, म्हणजे नगरच्या पोलिसांना तो अनोळखी नव्हता. त्याने करकरेचे नाव सांगितले, आणि त्याच्या जबाबात पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेखही आला. ते पत्र म्हणजे आधीचे ‘अग्रणी’, नंतरचे ‘हिंदुराष्ट्र’. संपादक नथुराम गोडसे, व्यवस्थापक नारायण आपटे.

पोलीस मरीना हॉटेलात गेले. ज्या खोलीत मंडळी उतरली होती तिथे धोब्याकडून आलेले कपडे सापडले. त्यावर इंग्रजी आद्याक्षरांची खूण होती, एन. व्ही. जी. मुंबई इलाख्यात निघणाऱ्या वृत्तपत्रांची यादी सरकार दरसाल तयार करीत असे, आणि त्या यादीत या पत्रासमोर संपादकाचे नाव छापलेले होते. सदऱ्यावरची खूण आणि यादीतले नाव शेजारी-शेजारी ठेवायचे, एवढेच काम! कुठल्याही कचेरीतला नवखा कारकूनही ते अर्ध्या तासात करील. ते झाले नाही.

त्या वेळी केंद्रीय गुप्तवार्ता विभागाचे संचालक होते टी. जी. संजीवी. दिल्लीचे पोलीस महानिरीक्षकही तेच. दोन खुर्च्यांवर एकच माणूस, म्हणजे एका खात्याने दुसऱ्याला कळवले नाही ही सबबही उरत नाही. दिल्लीहून दोन अधिकारी विमानाने मुंबईला गेले आणि स्पेशल ब्रँचचे उपायुक्त जमशेद नगरवाला यांना भेटले. दिल्लीवाल्यांचे म्हणणे, आम्ही संपादकाची माहिती दिली. नगरवालांचे म्हणणे, मला फक्त करकरेचे नाव सांगितले. वीस वर्षांनी आयोगापुढे या एका मुद्द्यावर किती पाने खर्ची पडली! काय दिले आणि काय घेतले याची नोंद निर्विवाद असती तर एका ओळीत निकाल लागला असता.

मुंबईतही दुसरीकडून माहिती आलीच होती. रुईया महाविद्यालयातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन मदनलालला ओळखत. मदनलालने आधी केलेली बडबड त्यांना स्फोटाची बातमी वाचल्यावर आठवली आणि ते २१ जानेवारीला खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. मोरारजींनी त्याच रात्री मुंबई सेंट्रल स्टेशनवर नगरवालांना बोलावून ते सांगितले. नगरवालांनी तर्क बांधला तो गांधीजींना पळवून नेण्याच्या कटाचा, आणि त्याच तर्कामागे ते धावत राहिले.

सर्वांत चीड येते ती पुढच्या हकिगतीची. पुणे सी.आय.डी.चे प्रमुख यू. एच. राणा त्या वेळी दिल्लीतच होते. मदनलालच्या सविस्तर जबाबाची प्रत त्यांच्या हाती देण्यात आली. पुण्याच्या पोलिसांना त्या पत्राचा संपादक आणि व्यवस्थापक दोघेही माहीत होते. त्या पत्राकडून सरकारने जामीन रकमाही मागितल्या होत्या. म्हणजे योग्य कागद योग्य माणसाच्या हातात पडला. आणि हा कागद निघाला आगगाडीने, तोही अलाहाबादच्या वळणाने! २७ तारखेला तो मुंबईत पोचला. त्याच दिवशी गोडसे आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीला गेले. पुण्याचा एकही साध्या वेशातला पोलीस हे चेहरे ओळखायला बिर्ला हाऊसच्या दारात उभा नव्हता. ३० तारखेला संध्याकाळी काय झाले ते सगळ्या जगाला माहीत आहे.

त्याच नगरवालांनी पुढे सगळा तपास केला आणि १४ फेब्रुवारीला आपटे-करकरे मुंबईत पकडले गेले. खून झाल्यावर जे पंधरवड्यात जमले ते आधीच्या दहा दिवसांत का जमले नाही? कपूर आयोगाने हाच प्रश्न धरून दिल्ली, मुंबई, पुणे अशा सगळ्यांवर बोट ठेवले. त्याने गुप्तवार्ता विभागाला कटात गोवले नाही, हेही तितकेच लक्षात ठेवा. कागदात नाव येणे आणि गुन्हा शाबीत होणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण ‘आमचा कटात हात नव्हता’ म्हटल्याने ‘आमच्याकडे माहिती होती’ हे पुसले जात नाही. गांधीजींशी आपल्या चळवळीचे मतभेद जगजाहीर आहेत. या हिशेबात ते आणण्याचे कारण नाही.

१९४८ च्या जानेवारीत आपला उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता. आज आपण धाराशिवकर भारताच्या संविधानाखाली आहोत. तरी गुप्तवार्ता विभागाचे कागद आपल्याला सहज मिळत नाहीत. माहिती अधिकार कायद्याच्या २४ व्या कलमाने हा विभाग बाहेर ठेवला आहे, फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग यांची माहिती त्याला अपवाद. म्हणून कपूर अहवालासारखा दस्तऐवज मोलाचा. तो मराठीत सोप्या भाषेत आपल्या वाचनालयांत असायला हवा, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे मात्र दिल्लीइतके लांब जायला नको. गावात ताणतणाव वाढतो, रस्ता अडवतात, धमक्या येतात, आणि माणसे ठाण्यात तोंडी सांगून परत येतात. उद्या काही घडले की ‘आम्हाला कळवलेच नव्हते’ हे उत्तर तयार असते. म्हणून अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. गुन्हा नोंदवला तर फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या ४ थ्या कलमानुसार अनुसूचित जाती-जमातीचा नसलेला सरकारी नोकर जाणूनबुजून कर्तव्यात कसूर करील तर त्याला सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. १९४८ साली असे कलम नव्हते. १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी झालीच पाहिजे. तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा, कुठलेही गाव असो, आपला अर्ज त्या बैठकीत गेला का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारता येते. विचारायला जाताना शिक्क्याची प्रत सोबत न्यावी, आणि मूळ प्रत घरी ठेवावी.