कागदी घोडे

कागदी घोडे नाचवणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये ते घोडे शर्यतही जिंकून आले आहेत.

पाव मैलाचा सरळ पट्टा, शेजारी शेजारी दोन गाड्या. वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या 'स्टॉक' वर्गामागची कल्पना साधी होती: कारखान्यातून आली तशी गाडी पळवायची. तिचा गट भागाकाराने ठरतो, वजन भागिले अश्वशक्ती. आता ही अश्वशक्ती सांगणार कोण? गाडी बनवणारी कंपनीच! आकडा जितका कमी सांगाल तितका भागाकार मोठा आणि समोरचे गडी तितके मंद.

फेब्रुवारी 1968. कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे फोर्डने 428 कोब्रा जेट इंजिनाच्या मस्टँग उतरवल्या. जाहीर अश्वशक्ती 335. अल जोनिएक यांनी तिथे 'स्टॉक'च्याच पठडीतल्या 'सुपर स्टॉक' वर्गाचे विजेतेपद नेले. 335 वर कोणाचाच विश्वास बसला नाही. संघटनेने पुढे तो आकडा स्वतःच वाढवून धरला. कंपनीचा आकडा आणि संघटनेचा आकडा, असे दोन हिशेब या खेळात चालतात ते असे.

त्याच वर्षीची हेमी डार्ट ही गाडी तर नावालाच 'स्टॉक', निव्वळ शर्यतीसाठी होती. दाराची काच वर ओढायला हँडलऐवजी पट्टा, वॉरंटी नाही.

'स्टॉक' म्हणवून घ्यायला गाड्या किमान 50 तरी बनायला हव्यात, हा दुसरा नियम. जनरल मोटर्सने 1963 पासून शर्यतींशी अधिकृत संबंध तोडले होते. तरी इलिनॉयमधले विक्रेते फ्रेड गिब यांनी 1969 मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या झेडएल1 इंजिनाच्या 50 कॅमारो त्याच कंपनीकडून मागवल्या. नियम पाळला गेला. किंमत मात्र सात हजार डॉलरच्या वर गेली आणि बऱ्याचशा गाड्या कंपनीला परत घ्याव्या लागल्या.

हल्ली फार वेगात धावणाऱ्या इंजिनाची अश्वशक्ती संघटना आपणहून वाढवते. त्यावर चालकांची युक्ती अशी, की शेवटची रेषा यायच्या आतच पाय उचलायचा. कंपन्यांची लबाडी चालकांच्या अंगवळणी पडली, असे मला वाटते.

2008 मध्ये फोर्डने कोब्रा जेट हे नाव पुन्हा काढले. गाड्या बनवल्या बरोबर 50. 'स्टॉक'मध्ये धावणाऱ्या त्या गाडीची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी होत नाही.